वाचकांचे प्रश्न: रिफिलिंगच्या धंद्यासाठी इंक कोणती घ्यावी?

या वेळी कार्ट्रिज रिफिलिंगबद्दल बरीच पत्रं आलीत, त्यातले पाच प्रश्न घेतलेत. नावं छापत नाही, फक्त इंदूरमधला भाग लिहिलाय. पहिलं उत्तर लांबलंय पण ते टाळून पुढे जाऊ नका, बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: माझं भंवरकुआंला झेरॉक्सचं दुकान आहे, त्यालाच जोडून कार्ट्रिज रिफिलिंग सुरू करायचंय. एक सप्लायर म्हणतो युनिव्हर्सल इंक घ्या, एचपी कॅनन एप्सन सगळ्यात चालते, ३५० रुपये लिटर. दुसरा प्रत्येक कंपनीची वेगळी देतो, ७५० रुपये लिटर. हातात पैसे कमी आहेत. स्वस्तवाली घेतली तर काय बिघडतं? आणि सुरुवातीला किती माल भरू?

भाऊ, आधी तुमच्याच आकड्यांचा हिशोब करू. ७५० आणि ३५० मधला फरक ४०० रुपये, म्हणजे मिलीमागे ४० पैसे. कॅननच्या पीजी-७४५ मध्ये कंपनीची काळी शाई असते ८ मिली. म्हणजे एका रिफिलमागे तुमचे वाचले ३ रुपये २० पैसे. या सव्वातीन रुपयांसाठी गिऱ्हाइकाचं कार्ट्रिज धोक्यात घालायचं का एवढाच प्रश्न आहे, कारण एक जरी कार्ट्रिज तुमच्या हातून मेलं आणि नवीन विकत घेऊन द्यायची वेळ आली तर पुढच्या शेकडो रिफिलची बचत त्यात जाते, आणि ते गिऱ्हाईक आजूबाजूच्या चार होस्टेलांत काय सांगत फिरेल ते वेगळंच.

आता बिघडतं काय ते बघा. एचपी आणि कॅननच्या मशीनमध्ये हेड, म्हणजे शाई कागदावर सोडणारा भाग, तापतं. प्रत्येक नोझलमागे, म्हणजे शाई सुटते त्या बारीक भोकामागे, एक बारीक हीटर असतो, तो क्षणभर ३०० डिग्रीच्या आसपास जातो, शाईचा बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा पुढचा थेंब कागदावर ढकलतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. एप्सन आणि ब्रदरमध्ये उष्णता नसते, तिथे पिझो असतं, ते करंट मिळाला की वाकतं आणि थेंब दाबून बाहेर काढतं. म्हणजे पहिल्या प्रकारात शाई भाजली जाते आणि दुसऱ्यात फक्त दाबली जाते. जी शाई भाजण्यासाठी बनवलेलीच नाही ती हीटरवर थर धरते, सुरुवातीला प्रिंट छान येते म्हणून आपण खूश असतो आणि दोन-तीन रिफिलनंतर काळा फिका पडायला लागतो, मग रेघा, मग कितीही क्लीनिंग मारा काही होत नाही. लोक म्हणतात कार्ट्रिजचं आयुष्य संपलं. कधी खरंच संपलेलं असतं, पण बऱ्याचदा शाईने संपवलेलं असतं.

दुसरी गोष्ट डाय आणि पिगमेंट, आणि इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो. डाय म्हणजे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला. पिगमेंट म्हणजे रंगाचे अतिबारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले. एचपीच्या ८०२, ८०३, ६८०, ६७८ मध्ये काळी पिगमेंट आणि कलर डाय. कॅननच्या पीजी-७४५ आणि पीजी-४७ मध्ये काळी पिगमेंट, आणि त्यांच्या जोडीच्या सीएल-७४६, सीएल-५७ मध्ये डाय. टँकवाल्यांत, म्हणजे बाटलीतून शाई ओततात त्या प्रिंटरांत, कॅननची जीआय-७९० आणि एचपीची जीटी५१, जीटी५३ यांची काळी पिगमेंट. ब्रदरच्या टँकची काळी पण पिगमेंट. पण एप्सनची ६६४ आणि ००३, म्हणजे एल३११०, एल३१५० वगैरे जे घरोघरी दिसतात, त्यांत काळीसुद्धा डाय असते, आणि त्याच एप्सनच्या ००१ मध्ये काळी पिगमेंट. म्हणजे कंपनीच्या नावावरूनही ठरवता येत नाही, मॉडेल बघावंच लागतं. दुकानाच्या भिंतीवर एक चार्ट लावून ठेवा, तुम्ही जेवायला गेलात आणि मुलगा एकटा बसला तरी चूक होणार नाही.

मग एकच काळी बाटली सगळ्यात कशी चालेल? युनिव्हर्सल म्हणून जी विकतात ती बहुतेक वेळा डाय असते. ती ८०३ मध्ये भरली की प्रिंट तर येते पण अक्षराच्या कडा फुटतात, आणि तुमच्या भागात तर सगळी पीएससी आणि बाकी परीक्षांची मुलं, ती नोट्सवर पहिलं काम काय करतात तर हायलायटर फिरवतात. डायच्या अक्षरावर हायलायटर फिरला की पिवळ्यात काळं ओढलं जातं आणि पान खराब. घामाचा हात लागला तरी तेच. आणि उलट केलंत, म्हणजे डायच्या एप्सनमध्ये पिगमेंट भरली, तर हेड चोक होण्याची भीती, आणि एप्सनचं हेड कार्ट्रिजवर नसतं, मशीनमध्ये बसवलेलं असतं, तो खर्च हजारोंत जातो. म्हणून मी तर म्हणेन पैसे कमी असतील तर एचपीमध्ये एखादा प्रयोग करा पण एप्सनच्या इंकमध्ये एक रुपयाही वाचवू नका.

बाटलीवर पिगमेंट लिहिलंय पण आत काय आहे हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. पांढरा टिश्यू पेपर किंवा चहाच्या टपरीवरचा पातळ नॅपकिन घ्या, त्यावर सिरिंजने एक थेंब टाका, शेजारी थोडं साधं पाणी सोडा आणि दोन मिनिटं बघत राहा. पिगमेंट असेल तर मधला डाग गडद काळा तिथेच बसून राहतो आणि पाण्याची कडा जवळजवळ स्वच्छ बाहेर सरकते. डाय असेल तर पाण्याबरोबर रंगही धावतो, आणि काळ्यातून निळा, जांभळा, कधी तपकिरी असे पट्टे वेगळे होताना दिसतात. जेल रोडवर घ्या, सिल्व्हर मॉलमध्ये घ्या नाहीतर दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून मागवा, ही टेस्ट केल्याशिवाय लिटरची बाटली घेऊ नका. चांगला सप्लायर याला नाही म्हणत नाही, आणि जो नाही म्हणतो त्याच्याकडून घ्यायचंच कशाला.

माल किती भरायचा, तर आधी १०० मिलीच्या बाटल्या आणा आणि स्वतःच्या किंवा ओळखीच्या मशीनवर चालवून बघा. नोझल चेक (सगळी नोझल चालतात का ते दाखवणारं रेघांचं पान) काढा, एक पूर्ण काळं पान काढा, रात्रभर मशीन बंद ठेवा, सकाळी परत नोझल चेक काढा. ही सकाळची चेक खरी, कारण रात्रभरात ज्या शाईने नोझलवर साय धरली ती सकाळी रेघा दाखवते. एक पान अर्धं पुठ्ठ्याने झाकून खिडकीत उन्हात दोन आठवडे ठेवा, कुठली अर्धी उडाली ते आपोआप कळेल. पास झाली की मग लिटर घ्या. तुमच्याकडे काळं जास्त जाणार, नोट्सच छापायच्यात, त्यामुळे पिगमेंट काळी एक लिटर, एप्सनची डाय काळी अर्धा लिटर आणि कलर १००-१०० मिलीनेच चालू द्या, वर्षभराचा कलर एकदम भरून काहीच फायदा नाही कारण बाटली उघडल्यावर साधारण सहा महिन्यांत संपलेली बरी. बाटलीवर बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख असलीच पाहिजे, नसेल तर परत करा. बिल पक्कं घ्या, प्रिंटिंग इंकवर जुलै २०२२ पासून १८ टक्के जीएसटी आहे, तुमचं रजिस्ट्रेशन असेल तर तो परत मिळतो, मग ३५०ची बिनाबिलाची बाटली तेवढी स्वस्त राहत नाही.

आणि एक, जे सगळ्यांना सांगतो. गिऱ्हाइकाने आणलेल्या कार्ट्रिजमध्ये आधी कुणी काय भरलंय हे तुम्हाला माहीत नसतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या शाया, त्यातून एक डाय आणि एक पिगमेंट, स्पंजमध्ये भेटल्या की कधी कधी साका धरतो, लापशीसारखं घट्ट होतं आणि नोझलपर्यंत काही पोचतच नाही. म्हणून जुनं खेचून काढा, डिस्टिल्ड वॉटरने धुवा, परत खेचा, मग भरा. डिस्टिल्डच हं, नळाचं नर्मदेचं पाणी नको आणि बोअरचं तर मुळीच नको, त्यातले क्षार बारीक नोझलमध्ये बसतात. यात दहा मिनिटं जास्त जातात हे खरं आहे, पण जो हे करतो त्याच्याकडे कार्ट्रिज परत येत नाहीत.

प्रश्न: मी वैशाली नगरला घरूनच पासपोर्ट फोटो आणि छोट्या फोटोंचं काम करते. एप्सनचा सहा रंगांचा प्रिंटर आहे. इंक बदलल्यापासून सगळ्यांचे चेहरे लालसर येतात. शिवाय एका बाईंनी वर्षाआत फोटो उडाल्याची तक्रार केली. इंक खराब निघाली का?

ताई, लालसर चेहऱ्यावरून इंक खराब असं लगेच म्हणता येणार नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं त्याचं सॉफ्टवेअर, कंपनीच्या शाईचा रंग धरून हिशोब करतो, आणि तुमच्या नव्या शाईचा मॅजेंटा (गुलाबी-लाल) जरा तेज असेल किंवा सायन (निळा) कमी असेल तर चेहऱ्यावरच सगळ्यात आधी दिसतो, कारण त्वचेचा रंग डोळ्याला लगेच खटकतो. एल८०५ सारख्या मशीनमध्ये लाइट सायन आणि लाइट मॅजेंटा पण असतात, फिक्या भागाचं काम तेच करतात, म्हणून सहाही रंग एकाच मेकचे आणि शक्य तर एकाच बॅचचे हवेत. चार इकडचे दोन तिकडचे असं केलंत तर रंग कधीच जमणार नाही. सप्लायरकडे त्या इंकची आणि तुमच्या पेपरची आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर त्या शाईचे रंग बरोबर यावेत म्हणून कॉम्प्युटरला द्यायची फाइल) मागा, चांगले इंकवाले देतात. नसेल तर ड्रायव्हरमध्ये मॅजेंटा थोडा थोडा खाली आणा, एकच चेहरा परत परत छापून बघा, जमला की ती सेटिंग सेव्ह करून ठेवा. हे करायच्या आधी नोझल चेक मात्र घ्या, कारण सायनचं एखादं नोझल बंद असेल तरी चेहरा लालच येतो आणि मग तुम्ही उगाच सेटिंग बिघडवत बसाल.

फोटो उडण्याचं मात्र इंकशी नातं आहे. स्वस्त डाय उन्हाने आणि नुसत्या हवेनेही उडते. फोटो उघडा टांगला असेल तर जास्त लवकर. चांगली डाय, चांगला ग्लॉसी पेपर आणि वर लॅमिनेशन किंवा काचेची फ्रेम, एवढं केलं तर खूप फरक पडतो. गिऱ्हाइकाला देतानाच सांगा की उन्हाच्या भिंतीवर लावू नका. पिगमेंट टाकू का असं तुमच्या मनात येईल, पण त्या मशीनची शाई डाय आहे, डायच राहू द्या.

आणि कॉफीचे मग, टीशर्ट छापायचं काम करावंसं वाटलं तर सब्लिमेशन इंक याच मशीनमध्ये कधीच भरू नका, ती वेगळीच जात आहे, हीट प्रेसखाली वाफ होऊन पॉलिएस्टरमध्ये शिरणारी. त्यासाठी वेगळा प्रिंटर ठेवा.

प्रश्न: मल्हारगंजला माझं टोनर (लेझर प्रिंटरची पावडर) भरायचं काम आहे. एचपीच्या १२ए आणि ८८ए कार्ट्रिजला एकच पावडर चालते का? एकाच डब्यावर दोन्ही नंबर असतात. आणि तीच सॅमसंगमध्ये टाकली तर?

१२ए आणि ८८ए दोन्हीत चालणारी पावडर मिळते आणि ती चांगल्या मेकची असेल तर कामही देते, कारण दोन्ही कार्ट्रिज एकाच पद्धतीची आहेत, आत मॅग्नेटिक रोलर असतो आणि पावडरमध्ये लोखंडाचा अंश असतो, त्यामुळे ती रोलरला चिकटून ड्रमपर्यंत, म्हणजे पानाचा नमुना उमटतो त्या नळीपर्यंत, जाते. सॅमसंग आणि ब्रदरची पावडर अशी नसते, तिथे चुंबकाचं काम नाही, विजेच्या भारावर सगळं चालतं. म्हणून एचपीची सॅमसंगमध्ये नको आणि सॅमसंगची एचपीमध्ये तर मुळीच नको, तिला रोलर धरतच नाही.

ओळखायचं सोपं आहे. कागदाच्या पुडीत चिमूटभर पावडर घ्या आणि खालून चुंबक फिरवा. एचपीची असेल तर पावडर उभी राहून चुंबकाबरोबर फिरते. निपचित पडून राहिली तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, १२ए मध्ये टाकायची नाही.

स्वस्त पावडरची दुसरी खूण म्हणजे पानावर राखाडी झाक येते किंवा बोटाने घासलं की अक्षर निघतं, म्हणजे फ्युझरच्या (पावडर कागदावर वितळवणाऱ्या गरम रोलरच्या) तापमानाला ती नीट वितळत नाही. मात्र दर वेळी पावडरला दोष देऊ नका, ड्रम घासला असेल, वायपर ब्लेड (ड्रम पुसणारी पट्टी) कापली गेली असेल, पीसीआर (ड्रमला विजेचा भार देणारा रोलर) मळला असेल तरी पान काळवंडतं. आणि जुनी पावडर आत ठेवून वरून नवीन ओतू नका, वेस्टचा डबा रिकामा केल्याशिवाय तर नाहीच. गिऱ्हाईक म्हणतं पानं कमी निघाली, तर त्यांना सांगा की कंपनी १२ए ला २००० आणि ८८ए ला १५०० पानं म्हणते ती पानावर ५ टक्के काळं धरून, बँकेचे फॉर्म आणि काळ्या पट्ट्यांची बिलं छापली तर कमीच निघणार.

मास्क लावा. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने पावडर उचलू नका, ती फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर पसरते. हात आणि कपडे थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने ती कपड्यात पक्की बसते.

प्रश्न: दर वर्षी एप्रिल-मे मध्ये रिफिल केलेली कार्ट्रिज आठ दिवसांत सुकून परत येतात. इंक बदलू का? (सुदामा नगर)

इंक बदलायच्या आधी ठेवायची जागा बदला. आपल्याकडे मे मध्ये पारा ४० च्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत, पत्र्याच्या शटरला लागून बाटल्या असतील तर शाईतलं पाणी आणि ग्लायकॉलचं प्रमाण हलतं. बाटल्या खालच्या बंद कपाटात, झाकण घट्ट, उन्हापासून लांब. पिगमेंटची बाटली वापरायच्या आधी हळूच उलटीसुलटी करा म्हणजे खाली बसलेले कण मिसळतील, जोरात हलवू नका, फेस झाला की हवेचे बुडबुडे स्पंजमध्ये जातात आणि तुम्हाला वाटतं सुकलं, पण तो एअर लॉक असतो.

भरताना सावकाश भरा. सुई स्पंजच्या तळापर्यंत न्या आणि थेंब थेंब सोडा, वरून एकदम दाबलं तर मधला स्पंज कोरडाच राहतो. ट्रायकलर, म्हणजे तीन रंगांच्या कार्ट्रिजमध्ये तर भरायच्या आधी प्रत्येक भोकात टूथपिक घालून रंग बघा, सगळ्या मॉडेलांत रंगांचा क्रम एक नसतो, आणि जास्त भरलंत तर शाई शेजारच्या कप्प्यात सांडते, मग पिवळा हिरवट येतो तो येतोच. भरून झालं की नोझलवर क्लिप लावूनच द्या, आणि गिऱ्हाइकाला सांगा की सुट्टीत गावाला जायच्या आधी आणि आल्यावर एक रंगीत पान काढा. आठवड्यातून एक पान काढलं तरी सुकायच्या तक्रारी खूप कमी होतात.

एवढं करूनही परत आली तर मग इंककडे बघा.

प्रश्न: एक ऑफिस म्हणतंय की रिफिल करून ओरिजिनलच्या डब्यात पॅक करून द्या, बिल आम्ही बघतो. रेट चांगला देतायत. करू का? (रामबाग)

नका करू. रिफिल करणं हा सरळ धंदा आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण दुसऱ्याच्या नावाच्या डब्यात घालून ओरिजिनल म्हणून विकलं की ट्रेडमार्क कायदा १९९९ लागतो, आणि केस झाली तर तो ऑफिसवाला तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. त्यांना स्पष्ट सांगा की रिफिल म्हणूनच बिल देईन आणि रिफिल म्हणूनच गॅरंटी देईन, सुकलं तर आठ दिवसांत परत भरून देईन. आपल्या दुकानाचं छोटं स्टिकर करा, त्यावर भरल्याची तारीख, कुठली इंक, डाय की पिगमेंट, एवढं लिहा, पुढच्या वेळी तुम्हालाच उपयोगी पडतं. एचपीच्या स्क्रीनवर वापरलेलं कार्ट्रिज आहे असा मेसेज येतो तेव्हा ओके दाबून पुढे जायचं, आणि कॅननमध्ये इंक संपल्याचं दाखवलं तर स्टॉपचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं, हे त्यांच्या माणसाला आधीच दाखवून ठेवा नाहीतर त्यासाठी रोज फोन येईल. आणि जी कार्ट्रिज आता भरण्याच्या लायकीची नाहीत ती नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका, २०२२ च्या ई-वेस्ट नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजसुद्धा येतं, खोक्यात साठवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी रजिस्टर्ड रिसायकलरला देऊन त्याची पावती फाइलला लावा, ऑफिसवाली गिऱ्हाइकं हल्ली ती पावती मागतात.